आईची ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची परीक्षा: पाठांतर नंतर, आधी मराठीत बोला

मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय: आई ५७ वर्षांची. पाच वर्षांपासून मेलबर्नला मुलाकडे राहते. नागरिकत्वाचा अर्ज झालाय, आता परीक्षा आहे. सध्या दोन महिने मुंबईत लेकीकडे आली आहे. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी माध्यमात. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे प्रश्नांची फाइल पाठवली आणि ‘हे पाठ कर’ म्हणून सांगितलं. आई रोज रात्री ती फाइल घेऊन बसते आणि रडकुंडीला येते. मग आता साठ पूर्ण होईपर्यंत थांबावं का, साठनंतर परीक्षा माफ असते म्हणतात, असाही प्रश्न आहे.

मी दादरच्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. गेली अकरा वर्षं परदेशी मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांची याच परीक्षेची तयारी करून घेते. त्यामुळे सविस्तर लिहिते.

साठचं आधी सांगते. सूट खरी आहे, पण अर्ज करताना वय साठ किंवा जास्त असेल तर. तुमच्या आईंचा अर्ज ५७ व्या वर्षी झालाय, म्हणजे त्यांना परीक्षा द्यावीच लागेल. अर्ज मागे घेऊन तीन वर्षं थांबण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. ही परीक्षा त्यांच्या आवाक्यातली आहे. त्यांना रडवतेय ती फाइल, परीक्षा नाही.

परीक्षेचं स्वरूप साधं आहे. संगणकावर, इंग्रजीत, २० प्रश्न. प्रत्येकाला तीन पर्याय. वेळ ४५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून जास्त. हळू वाचणाऱ्यालासुद्धा हा वेळ पुरतो, हे आईंना पहिल्याच दिवशी घड्याळ समोर ठेवून दाखवा. पास व्हायला ७५ टक्के, म्हणजे १५ बरोबर लागतात. पण एक अट वेगळी आहे आणि तीच मोठी: २० पैकी ५ प्रश्न ‘ऑस्ट्रेलियन मूल्यां’वर असतात आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. एकूण १९ बरोबर आले आणि चुकलेला एक प्रश्न या पाचांतला असला, तर नापास. ही पद्धत १५ नोव्हेंबर २०२० पासून आहे. नापास झालं तर परीक्षा पुन्हा देता येते आणि त्यासाठी वेगळी फी लागत नाही. हेही आईंच्या कानावर घाला, अर्धी भीती तिथेच उतरते.

अभ्यासाचं पुस्तक एकच. तिथल्या गृहखात्याने, म्हणजे होम अफेअर्सने काढलेलं ‘अवर कॉमन बाँड’. संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातल्या पहिल्या चार भागांवरच प्रश्न येतात: देश आणि तिथली माणसं, लोकशाहीवरच्या श्रद्धा आणि हक्क, सरकार आणि कायदा, आणि मूल्यं. पुढचा भाग माहितीसाठी आहे, त्यावर प्रश्न येत नाहीत. पुस्तकाचा हिंदी अनुवाद मिळतो. आईंना हिंदी वाचायला सोपं जात असेल तर एकदा वाचू द्या, पण परीक्षा इंग्रजीत आहे हे विसरू नका.

आता भावाने पाठवलेली फाइल. ती जुनी आहे का, हे पाच मिनिटांत कळेल. देशाची प्रमुख ‘राणी’ असं लिहिलंय का? सप्टेंबर २०२२ पासून राजा आहे, तिसरा चार्ल्स. राष्ट्रगीताच्या दुसऱ्या ओळीत ‘यंग अँड फ्री’ आहे का? १ जानेवारी २०२१ पासून ते ‘वन अँड फ्री’ झालं. मूल्यांचे प्रश्न वेगळे काढलेत का? नसतील तर फाइल २०२० च्या आधीची. डॉन ब्रॅडमनवर प्रश्न असेल तर ती आणखी जुनी. २००७ साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा ब्रॅडमनच्या प्रश्नावरून बरीच चर्चा झाली होती. माझ्याकडे आलेले शिवाजी पार्कचे एक आजोबा ९९.९४ ही सरासरी घोकून आले होते. मुंबईच्या माणसाला ती मुखोद्गत असतेच, पण इथे तिचा उपयोग नाही.

माझं स्वतःचं सांगते. पहिली दोन वर्षं मीही प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स वाटायचे. शाळेत तसंच केलं होतं. नागरिकशास्त्र म्हणजे पेपराच्या आदल्या रात्री उरकायचा विषय, ही सवय आमच्या शिकवण्यानेच मुलांना लागली. मग घाटकोपरच्या एक काकू नापास झाल्या. पाठ सगळं चोख होतं. प्रश्नातला एक शब्द बदलला होता, आणि त्यांनी ओळखीचं दिसणारं वाक्य निवडलं. त्यांनी मला फोनवर एवढंच विचारलं, “बाई, मला तो प्रश्न नक्की काय विचारत होता?” मी त्यांना मराठीत समजावून सांगितला, तर त्या म्हणाल्या, “एवढंच होय? हे तर मला येतंच होतं.” तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी मुद्दा मराठीत, स्वतःच्या आयुष्यातल्या उदाहरणाने. मग त्यासाठीचे इंग्रजी शब्द. प्रश्न सोडवणं सगळ्यात शेवटी.

मूल्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे चूक चालत नाही. घरात नातवंडांचं बालभारतीचं कुठलंही पुस्तक असेल ते काढा आणि सुरुवातीच्या पानांवरची संविधानाची उद्देशिका आईंना मोठ्याने वाचायला सांगा. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.’ ‘दर्जाची व संधीची समानता.’ ‘व्यक्तीची प्रतिष्ठा.’ आता ऑस्ट्रेलियाच्या मूल्यांची यादी शेजारी ठेवा: व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा, धर्माचं, बोलण्याचं आणि संघटनेचं स्वातंत्र्य, सगळ्यांना सारखा कायदा, संसदीय लोकशाही, संधीची समानता (ज्याला तिथे ‘फेअर गो’ म्हणतात), एकमेकांचा आदर आणि सहिष्णुता, गरजूंबद्दल कणव, आणि सगळ्यांना जोडणारी भाषा म्हणून इंग्रजी. शेवटचा मुद्दा सोडला तर नवीन काय आहे? ‘इक्वॉलिटी ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ म्हणजे ‘संधीची समानता’, हे एकदा जुळलं की तो शब्द पाठ करावा लागत नाही. दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर राहणाऱ्या एका मावशींना मी हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तर बाबासाहेबांचंच आहे.” त्यांचा पेपर सोपा गेला.

एवढं असूनही लोक इथे चुकतात. का चुकतात, तर प्रश्न सोपा दिसतो आणि माणूस स्वतःच्या घरातल्या रीतीवरून उत्तर देतो, किंवा ‘यात काहीतरी मेख असणार’ असं म्हणून नको तेवढा विचार करतो. खात्याच्या सराव परीक्षेत अशा धर्तीचा एक प्रश्न आहे: बायकोने ऐकलं नाही किंवा अपमान केला तर नवऱ्याने तिच्यावर हात उगारणं मान्य आहे का? उत्तर ‘नाही, कधीच नाही’. हा प्रश्न मी लालबागच्या एका बाईंना वाचून दाखवला होता. वय ५५ च्या आसपास, नवरा वारलेला. त्या बराच वेळ गप्प होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, “हे असं लिहून ठेवलंय त्यांनी? परीक्षेत?” त्या दिवशी आम्ही पुढचा अभ्यास केला नाही, चहा केला. पुढच्या वेळी त्यांनीच मला विचारलं की, आपल्याकडेही असा कायदा आहे ना? आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा. तो मी त्यांना दाखवला. तुमच्या आईंशी हा प्रश्न घाईत उरकू नका. आणि त्यांना बोलायचं नसेल तर खोदूनही विचारू नका.

लग्नाचा मुद्दाही असाच. कुणाशी लग्न करायचं, करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ‘म्हणजे आमचं पाहून-ठरवून झालेलं लग्न चुकीचं का?’ असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. अजिबात नाही. स्थळ आई-वडिलांनी आणलं आणि मुलीने मनापासून हो म्हटलं, तर ते तिथेही चालतं. जबरदस्तीने लावलेलं लग्न तिथे गुन्हा आहे. आणि डिसेंबर २०१७ पासून दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्नही कायद्याने मान्य आहे. ही माहिती आईंना तुमच्याकडून कळू दे, परीक्षेच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसायला नको.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा दोन बाजूंनी समजावा. सरकारच्या निर्णयाविरुद्ध सभा घेता येते, शांततेने मोर्चा काढता येतो. आझाद मैदान आठवा, तेच. पण कुणी अपमान केला म्हणून त्या माणसाविरुद्ध किंवा त्याच्या समाजाविरुद्ध हिंसेची चिथावणी देता येत नाही, कुठल्याही कारणाने नाही. धर्माचं तसंच: कुठलाही धर्म पाळा, किंवा कुठलाच पाळू नका. देशाचा अधिकृत धर्म नाही. आणि धर्माची रीत आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर कायदा पाळायचा.

एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं होतं, “बाई, यातलं सगळं मला पटत नाही. मग खोटं उत्तर देऊ का?” हा प्रश्न मला आजवर विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत प्रामाणिक वाटतो. मी त्यांना सांगितलं की परीक्षा विचारतेय ते तिथल्या लोकांनी एकत्र राहण्यासाठी ठरवलेले नियम तुम्हाला ठाऊक आहेत का, एवढंच. पण परीक्षेनंतर शपथ आहे, आणि ती मात्र तुम्ही स्वतःच्या तोंडाने घेणार आहात. जे पटत नाही त्यावर शपथेच्या आधी मुलाशी, सुनेशी बोला. ते बोलले. दोन आठवडे घरात बरीच वादावादी झाली असं त्यांनीच सांगितलं, आणि मग परीक्षेला गेले.

सरकार कसं चालतं, या भागात आपल्या माणसांची अडचण वेगळी आहे. त्यांना आपलं सरकार इतकं पक्कं ठाऊक असतं की तेच उत्तर तिथे लिहितात. मुंबईकराची ठरलेली चूक सांगते. ‘रुग्णालयं कोण चालवतं?’ मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे केईएम, सायन, नायर येतात. ती महापालिकेची. मग तो ‘लोकल कौन्सिल’ निवडतो आणि चुकतो. तिथे रुग्णालयं, शाळा, पोलीस, सार्वजनिक वाहतूक हे मुख्यतः राज्याचं काम. बेस्टची बस महापालिकेची असते, हे तिथे विसरायचं. कचरा, बागा, गल्लीतले रस्ते, इमारतींच्या परवानग्या, पाळीव प्राण्यांची नोंद हे कौन्सिलचं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर, आयकर, टपाल हे केंद्राचं. आईंना त्यांच्या मेलबर्नच्या घरी आलेली पत्रं आठवायला सांगा. कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक कुणाकडून आलं, डॉक्टरकडे दाखवायचं मेडिकेअरचं कार्ड कुणाकडून. त्या स्वतःच उत्तरं देतील.

आणखी तीन ठिकाणी आपला अनुभव आडवा येतो.

सिनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह, आपल्या राज्यसभेसारखं, असं मीच सांगायचे. पण राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदार निवडतात, आणि राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात: महाराष्ट्राला १९, गोव्याला १. सिनेटचे सदस्य लोक थेट निवडतात, आणि सहाही राज्यांना सारख्या जागा: प्रत्येकी १२. दोन टेरिटरींना, म्हणजे आपल्या केंद्रशासित प्रदेशांसारख्या भागांना, दोन-दोन. एकूण ७६. लहान राज्याचा आवाज दबू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ‘सिनेट कशासाठी’ याचं उत्तरही तेच. महाराष्ट्राच्या माणसाने गोव्याच्या जागी बसून पाहिलं की पटकन कळतं.

घटना बदलण्याचं दुसरं. आपल्याकडे संसद घटनादुरुस्ती करते, कधी निम्म्या विधानसभांची मान्यता लागते, पण तुमचं-माझं मत कुणी थेट विचारत नाही. तिथे सार्वमत घ्यावंच लागतं, त्याला रेफरेंडम म्हणतात. आणि दुहेरी बहुमत लागतं: देशभरच्या मतदारांचं, शिवाय सहापैकी निदान चार राज्यांतल्या मतदारांचं. १९६७ चं सार्वमत पुस्तकात आहे. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी मूळ रहिवाशांना जनगणनेत धरावं या बाजूने कौल दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या सार्वमताच्या वेळी तुमच्या आई तिथेच होत्या. भाऊ नागरिक झालेला असेल तर तो मतदानाला गेला असेल, आई घरी राहिल्या असतील. “तेव्हा दादा गेला आणि तू का नाही गेलीस?” असं त्यांना विचारा. पर्मनंट रेसिडेंट आणि सिटिझन यांतला फरक त्यांच्या तोंडून येईल.

मतदान १८ वर्षांपुढच्या प्रत्येक नागरिकाला सक्तीचं आहे. मत न दिल्यास दंड होतो. आपल्याकडे मतदान हा हक्क आहे, सक्ती नाही, म्हणून हे उत्तर हमखास चुकतं. नागरिकाच्या जबाबदाऱ्या चार: कायदा पाळणं, मतदान, गरज पडली तर देशाचं रक्षण, आणि बोलावलं तर ज्युरीवर बसणं, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे इतर नागरिकांबरोबर ठरवणं. ज्युरी म्हणजे काय, हे मुंबईच्या त्या पिढीला समजावणं सोपं आहे. नानावटी खून खटल्याचं नाव घ्या. १९५९ साली मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आपल्याकडे ज्युरी राहिलीच नाही. ऑस्ट्रेलियात आहे, आणि एखाद्या दिवशी तुमच्या आईंनाही पत्र येऊ शकतं. माझ्या विद्यार्थ्यांना हा भाग फार आवडतो. आपल्यासारख्या साध्या माणसाला न्यायालयात बसवून विचारतील, याचं त्यांना अप्रूप वाटतं, आणि वाटायलाच हवं.

तारखा आणि चिन्हं यांवर मी एका दुपारीपेक्षा जास्त वेळ घालवत नाही. २६ जानेवारी आपला प्रजासत्ताक दिन, तिथला ऑस्ट्रेलिया डे. १७८८ साली त्या दिवशी पहिला ब्रिटिश जहाजांचा ताफा सिडनीला लागला. त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून तिथे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोक राहतात, आणि त्यांचे दोन वेगळे ध्वज आहेत. १ जानेवारी १९०१ ला वसाहती एकत्र येऊन देश झाला. २५ एप्रिल अँझॅक डे, म्हणजे सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईवरून. त्या लढाईत आपले भारतीय सैनिकही होते, हे सांगितलं की तारीख लक्षात राहते. फूल गोल्डन वॉटल, रंग हिरवा आणि सोनेरी, तो तर क्रिकेटमुळे घराघरांत ठाऊक आहे. राजधानी कॅनबेरा. सिडनी नव्हे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत मेलबर्नही नव्हे.

आता इंग्रजी. माझ्या अनुभवात अडखळायला लावतात ते मोठे शब्द नव्हेत. ‘पार्लमेंट’, ‘डेमोक्रसी’ आईंना येतं. पाय घसरतो तो छोट्या शब्दांवर: मस्ट, शुड, मे, कॅन, ओन्ली, अनलेस, रिगार्डलेस ऑफ. मराठीत आपण ‘करायला हवं’ एवढंच म्हणतो. त्यात ‘केलंच पाहिजे’ आणि ‘केलं तर बरं’ दोन्ही बसतं. इंग्रजीत त्यांचे शब्द वेगळे आहेत आणि तीन पर्यायांतला फरक कधीकधी तेवढाच असतो. म्हणून एक दोनशे पानी वही करा. डावीकडे शब्द, उजवीकडे आईंनी स्वतः बनवलेलं मराठी वाक्य, स्वतःच्या घरातलं. एका काकूंच्या वहीत ‘ओन्ली’समोर लिहिलेलं मला अजून आठवतं: ‘फक्त ह्यांनाच बिनसाखरेचा.’ त्यांना तो शब्द पुन्हा कधी अडला नाही. ‘अनलेस’समोर त्यांनी लिहिलं होतं: ‘पाणी आल्याशिवाय मशीन लावायचं नाही.’ ही वाक्यं तुम्ही सुचवू नका. त्यांची त्यांना सुचू द्या, म्हणजेच टिकतात.

रोज किती वेळ द्यायचा? सकाळी अर्धा तास, रात्री मुळीच नाही. दिवसभर घरकाम करून रात्री दहाला मोबाइलवर बारीक अक्षरं वाचली की कुणालाही रडू येईल. पुस्तकाची छापील प्रत काढा, थोडी मोठ्या अक्षरांत. एक पान आईंनी इंग्रजीत मोठ्याने वाचायचं, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ, आणि मग पान बंद करून भाजी निवडताना तुम्हाला मराठीत सांगायचं. सांगता आलं तर पान झालं. नाही आलं तर उद्या तेच पान. दोन महिन्यांत चारही भाग आरामात होतात. खात्याच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षा मात्र शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत उघडू नका. सोडवाल तेव्हा कमी गुणांकडे दुर्लक्ष करा आणि प्रत्येक उत्तराला ‘बाकीचे दोन का नाहीत?’ हे विचारा. माझ्याकडे वीसपैकी वीस मिळवणाऱ्यापेक्षा ‘बाकीचे दोन का नाहीत’ सांगू शकणारा विद्यार्थी जास्त निर्धास्त असतो.

भावालाही एक निरोप द्या. आईची परीक्षा घेऊ नकोस, तिच्याबरोबर वाच. “एवढं सोपं येत नाही तुला?” हे वाक्य मी फोनवर पलीकडून किती वेळा ऐकलंय. ते ऐकलेल्या आया पुढचे तीन दिवस पुस्तक उघडत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रांची मूळ प्रत बघतात, आणि इथे महाराष्ट्रातल्या बायकांची एक खास अडचण होते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं मधलं नाव. पासपोर्टवर सासरचं. कुणाचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. नाव बदलल्याचा पुरावा लागतो, आणि १९८० च्या दशकातली लग्नं बऱ्याचदा नोंदलेलीच नसतात. लग्नपत्रिका आणि कार्यालयातले फोटो असतात, प्रमाणपत्र नसतं. आई मुंबईत आहेत तोवर हे तपासा. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून करून घेता येते. कागद मराठीत असेल तर इंग्रजी अनुवादही हवा. पहिल्या आठवड्यातच कामाला लागा, कारण असे कागद हातात यायला किती फेऱ्या पडतील हे मुंबईकराला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सगळे शेवटी विचारतात, मी आधी सांगते. परीक्षा पास झाली म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही. अर्ज मंजूर होतो, मग समारंभाचं बोलावणं येतं, तिथे शपथ घेतली की त्या क्षणी नागरिकत्व सुरू होतं. आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्याच क्षणी भारताचं संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येतं, त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता, राहता येतं. पण मत देता येत नाही, म्हणून मुलुंडच्या मतदारयादीतून नाव काढायचं. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी सातबाऱ्यावर आईंचं नाव असेल किंवा वाटणी व्हायची राहिली असेल तर परत जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. वारसाने जमीन येणं आणि नवी विकत घेणं या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदांपलीकडचंही थोडं. शपथेचे दोन मसुदे आहेत, एक देवाला स्मरून, एक देवाचं नाव न घेता. हवा तो निवडायचा. त्यात निष्ठा ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या लोकांशी आहे. ज्या बाईने शाळेत रोज सकाळी ‘भारत माझा देश आहे’ म्हटलंय, तिला ते शब्द उच्चारताना घसा दाटतो. मी हे टाळून शिकवत नाही. एक दिवस दोन्ही शेजारी शेजारी वाचून घेते. बहुतेक जणी रडतात, आणि मग पुढचं पान उलटायला स्वतःच सांगतात. तुम्हीही आईंबरोबर हे मुंबईतच वाचा, घरी, तुम्ही शेजारी असताना.

उद्या सकाळी दोनच कामं करा. ती फाइल आईंच्या मोबाइलमधून काढून टाका आणि पुस्तकाच्या चार भागांची प्रिंट काढून आणा. आणि जमलं तर संध्याकाळी त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन जा. ‘इंग्रजी हळू वाचता येतं’ म्हणणाऱ्या माझ्या निदान चार विद्यार्थिनींचा जवळचा नंबर बदललेला निघाला होता.